डोळ्याला खुंटी

सिनेमागृह चालू होतं तेव्हा त्याच्या दारात कधी एवढी गर्दी झाली नव्हती. बंद पडलं आणि रविवारच्या दुपारी तिथं पाय ठेवायला जागा मिळेना. दारात दोन चेले टोपल्या घेऊन उभे असत. टोपलीत उजेड टाकायचा. म्हणजे फोन, मनगटावरची घड्याळं, काडेपेट्या, बॅटऱ्या, जे जे म्हणून लुकलुकू शकतं ते सगळं. एका पोराच्या बुटाच्या टाचेत दिवा होता, तर त्याचे बूटही टोपलीत गेले आणि पोर अनवाणी आत गेलं. चेले सांगत, ज्योत लाजाळू आहे, दुसरा उजेड दिसला की बुजते. लाजाळूच्या झाडाला हात लावावा तशा हलक्या हातानं लोक आपापली घड्याळं काढून देत.

आत गेलं की दार बंद व्हायचं. पडदा काढून त्या जागी भिंतभर काळ्या फळ्या ठोकल्या होत्या, फटी डांबराच्या कागदानं बुजवल्या होत्या. काळोख असा, की स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी तो शेजाऱ्याचा वाटावा. लोक खोकायचे, सरकायचे, गप्प व्हायचे. मग कुठूनतरी पाकात घोळलेला आवाज यायचा.

"डोळा आहे चामड्याचा, आत्मा आहे उजेडाचा. मन करा कोरं, तेव्हा दिसेल खरं."

यमक जुळलं की अर्थ आपोआप जुळतो, असा या काजवेबाबांचा विश्वास होता. लोकांचाही होता. काजवेबाबा हे नाव लोकांनीच दिलेलं, कारण त्यांच्या बोलण्यापाठोपाठ समोरच्या काळोखात एक ठिपका उगवायचा. मोहरीच्या दाण्याएवढा, पिवळट, मंद. थोडा वेळ तो नुसता असायचा. आणि मग, बघता बघता, चालायला लागायचा.

तो चालायचा हे खरं. शंभर माणसं शंभर तोंडांनी सांगायची. आधी कडेला सरके, मग तरंगल्यासारखा वर जाई, मधेच थबकून मागं वळे. गेलेलं माणूस ठिपका होऊन भेटायला येतं, असं बाबा सांगत. सलूनवाल्यानं त्यात आपला बुडालेला भाऊ ओळखला, कारण भाऊही असाच लहरी होता. निवृत्त पोस्टमास्तर तर पहिल्यांदा भांडायलाच आले होते. उजेड असताना त्यांनी फळ्या ठोकून पाहिल्या, मागं दोरी आहे का, चाक आहे का, कुणी लपलंय का, सगळं धुंडाळलं. बाबांनी हसत हसत सगळं दाखवू दिलं. फळीमागं एक बारका दिवा होता, आत्मा त्यातच उतरतो असं बाबा म्हणाले, पण तो हलवणारं काही सापडलं नाही. मग पोस्टमास्तर काळोखात बसले, ठिपका त्यांच्याही डोळ्यांसमोर चालला, आणि तेव्हापासून ते पहिल्या रांगेत बसू लागले. लोक म्हणायचे, पोस्टमास्तरांनी तपासलंय म्हटल्यावर आता काय राहिलं.

त्या गर्दीत खारूची आईही बसलेली असे. ती कापडाच्या गिरणीत कापड तपासायची. तिचा नवरा त्याच गिरणीत विजेची कामं करायचा. तारेवर काम करताना कुणीतरी खटका वर केला, आणि तो गेला. तेव्हापासून ती रडली नव्हती. लोकांना ते खटकायचं. तिला काहीच खटकायचं नाही. भाजी अळणी झाली की सासू सांगायची तेव्हा कळायचं, खारट झाली तरी सासूच सांगायची. एकदा तव्याला बोट चिकटलं ते वास आल्यावर लक्षात आलं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त पोचत काही नव्हतं. दारावरची घंटा वाजावी आणि घरात कुणी नसावं, तसं.

सासू मात्र सारखी दार उघडायला धावायची. ती म्हणायची, माझा मुलगा दिव्यांचाच माणूस होता, आला तर दिवा होऊनच येणार.  सून तिचा हात धरून तिला सिनेमागृहात घेऊन जायची, शेजारी बसायची, आणि ठिपक्याकडं बघत राहायची.

हे असंच चाललं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते खारूच्या डोळ्यापायी.

खारू सात वर्षांची. मिळेल ते खिशात कोंबून ठेवायची म्हणून बापानं खार म्हटलं, त्याची खारू झाली. तिचा डावा डोळा जरासा आत वळायचा. शाळेतून चिठ्ठी आली, आई तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी दिवे दाखवले, अक्षरं दाखवली आणि आईला समोर बसवलं.

"डोळा बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलंय. दोन्ही डोळे वेगवेगळं सांगायला लागले, की मेंदू एकाचं ऐकतो आणि दुसऱ्याला गप्प बसवतो. बघतो तो मेंदूच. डोळा नुसता बातमी आणतो."

उपाय साधा होता. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायची, म्हणजे मेंदूला झक मारत दुसऱ्याचं ऐकावं लागेल. पण हे याच वयात व्हायला हवं. पोर मोठी झाली की मेंदूची सवय पक्की होते, मग डोळा असून नसल्यासारखा. निघताना डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, की जे सतत असतं ते मेंदू मोजतच नाही. अंगठी बोटात घातली की घटकाभरानं बोट तिला विसरतं. खारूच्या आईनं आपल्या बोटाकडं पाहिलं. अंगठी होती. खरंच कळत नव्हती.

पट्टी आणली. पण दिवसभर आई गिरणीत, खारू आजीपाशी. पट्टी बांधायची ती आजीच्याच हातानं. आणि पट्टी बांधली की खारू दाराच्या चौकटीवर आदळायची, भात शर्टावर सांडायची, रडायची. शेजारची पोरं तिला एकाक्ष म्हणायची. आजीचं काळीज तुटायचं. चांगला डोळा बांधून वाईट उघडा ठेवायचा हा कुठला न्याय, ती विचारायची. मग तिनं ठरवलं, की पोरीच्या बापालाच विचारू.

त्या रविवारी काळोखात तिनं उभं राहून विचारलं. बाबांचा नियम असा, की ठिपका उजवीकडं गेला तर होय, डावीकडं गेला तर नाही.

"चांगला डोळा बांधायला सांगतात?" पाकातला आवाज हळहळला. "बापाच्या जिवाला किती लागलं असेल. बघा, माउली, बघा. सरकतोय ना? डावीकडं सरकतोय ना?"

खारूच्या आईला ठिपका वर जाताना दिसत होता. वर, आणि किंचित उजवीकडं. शेजारून सासू पुटपुटली, डावीकडं चाललाय गं, डावीकडं. मागून दोघीतिघी म्हणाल्या, डावीकडंच. आणि खारूच्या आईच्या डोळ्यांदेखत ठिपका वळला आणि डावीकडं चालू लागला.

हे तिनं पाहिलं. आपला ठिपका दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दानं वळला, हे तिला दिसलं. पण त्या दिवसांत दिसलेलं आत पोचायला वेळ लागायचा.

दुसऱ्या दिवसापासून पट्टी कपाटात गेली. सुनेनं एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. सासू म्हणाली, त्याची पोर आहे, त्यानं नाही म्हटलंय, तू कोण? यावर भांडायला अंगात धग लागते. ती तिच्यात नव्हती. ती डबा भरून कामावर गेली.

गिरणीत तिच्यासमोर तिरपी काच असायची, काचेखाली दिवे, आणि काचेवरून कापड वरून खाली वाहायचं. सुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की यंत्र थांबवायचं आणि खडूनं खूण करायची. यात एक गंमत होती. तासभर कापड खाली वाहताना पाहिलं आणि यंत्र थांबवलं, की थांबलेलं कापड वर चढायला लागे. नव्या मुली घाबरायच्या, यंत्र उलटं फिरलं म्हणून ओरडायच्या. खडूची खूण भलतीकडंच पडायची. मग जुन्या बायका हसायच्या आणि प्रत्येक नवीला एकच गोष्ट शिकवायच्या. खारूच्या आईलाही ती तिच्या आधीच्या बाईनं शिकवली होती.

"बोट ठेव कापडावर. बोट आणि धागा यांच्यातलं अंतर बदलतंय का? नाही ना? मग कापड उभं आहे, पळतोय तो तुझा डोळा. डोळ्याला खुंटी लागते बाई, नाहीतर तो सुटलेल्या वासरासारखा कुठंही हुंदडतो."

त्या दिवशी गाठ दिसली, तिनं यंत्र थांबवलं, कापड वर चढायला लागलं आणि सवयीनं तिनं बोट ठेवलं. कापड उभं राहिलं. ती बोटाकडं बघत राहिली. यंत्र थांबलेलंच राहिलं. शेजारच्या यंत्रावरची बाई म्हणाली, काय गं, झोप लागली का उभ्या उभ्या? तिनं मान हलवली. तिच्या डोक्यात त्या काळ्या फळ्या होत्या. इतका काळोख. कोपरा नाही, कड नाही, भिंत कुठं संपते ते कळत नाही. एकच ठिपका आणि बोट ठेवायला काही नाही. आणि दुसऱ्या उजेडाला इतकी सक्त मनाई, की पोराच्या पायातले बूटसुद्धा काढून घेतले.

दुसरा उजेड दिसला की ज्योत बुजते, असं ते म्हणतात. बुजते, की थांबते?

सणाच्या सुटीच्या दिवशी दुपारी तिनं खारूला सामानाच्या खोलीत बोलावलं. खिडकीला घोंगडी लावली, दाराखाली पोतं सरकवलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बॅटरी ठेवली, वर कागदाच्या घड्या घातल्या आणि डब्याला सुईनं भोक पाडलं. डबा फळीवर ठेवून दार लावलं. समोर मोहरीएवढा ठिपका उगवला. दोघी बघत बसल्या.

ठिपका हलेना.

बराच वेळ गेला. खारूनं जांभई दिली. "आई, हा मेलेला काजवा आहे," ती म्हणाली.

आईला वाटलं, चुकलं आपलं. तिथं खरंच काहीतरी असेल. उठावं म्हणून ती वळली, तेव्हा दाराशेजारी हिरवट उजेडाचा तुकडा दिसला. बटणावरची टेप. खारू अंधाराला भ्यायची म्हणून तिच्या बापानं घरातल्या प्रत्येक बटणावर अंधारात चमकणाऱ्या टेपचा तुकडा लावला होता. दिवसभर उजेड प्यायचा आणि रात्री मंदसा तेवत राहायचा. इतकी सवय झालेली, की तो आहे हे घरात कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आईनं खारूचा फ्रॉक खुंटीवर असा अडकवला, की टेप झाकली जावी. मग परत येऊन बसली. आता काळोख पुरा झाला. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांसमोर ठिपका डळमळला आणि डावीकडं चालू लागला.

"आई, निघाला बघ," खारू कुजबुजली. "खाली चाललाय."

"खाली?"

"हो. आता तुझ्या बाजूला वळला."

एक ठिपका, दोन माणसं, दोन वाटा. आईनं थोडं थांबून, बाबांसारखाच आवाज लांबवून म्हटलं, बघ, उजवीकडं जायला लागला. खारू म्हणाली, हो की. आईनं हात लांबवून फ्रॉक काढला. टेप दिसू लागली, आणि ठिपका जिथल्या तिथं उभा राहिला. फ्रॉक अडकवला, चालला. काढला, थांबला. खारूला हा खेळ फार आवडला. ती फ्रॉक ओढू लागली, अडकवू लागली, हसू लागली. आई हसली नाही. तिनं फक्त इतकंच केलं, की खेळ संपेपर्यंत खोलीतून उठली नाही.

खारूला पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई पट्टी का बांधली नाही म्हणून रागावल्या. मग आईनं सगळं सांगितलं आणि त्यांचा राग उतरला. त्यांनी समजावलं, की डोळा कधीच पुरता स्थिर नसतो, एकटक बघतानाही बारीक थरथरत, सरकत असतो. एरवी आजूबाजूला खिडक्या असतात, कडा असतात, त्यावरून मेंदू ठरवतो, हललं ते जग की आपण. घुप्प अंधारात एकच ठिपका असला, की मेंदूला धरायला काही उरत नाही आणि अंदाज चुकतो. त्यात कुणी कानात दिशा सांगितली, की तो तीच धरतो. हे वेड नव्हे, आजार नव्हे. चांगल्याभल्या डोळ्यांना असंच दिसतं. पोस्टमास्तरांनाही दिसलं ते खोटं नव्हतं, फक्त ते भिंतीवर घडत नव्हतं.

घरी येऊन तिनं सासूला सामानाच्या खोलीत चलायला सांगितलं. सासू जागची हलली नाही. "डब्यातली बॅटरी आणि माझा मुलगा एक झाले का तुला?" तिनं विचारलं. आणि मग, आवाज खाली आणून, "तुला काही वाटत नाही म्हणून माझंही काढून घेऊ नकोस."

 ते खरंच होतं. पण खारूचं वय थांबणार नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं घरातल्या चार बटणांवरच्या टेपा नखानं सोडवल्या. एका टेपेबरोबर रंगाचा पोपडाही आला. टेपेच्या पाठीवर नवऱ्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. तिनं तो पाहिला, मागं नवी चिकटपट्टी लावली आणि टेपा दुपारपर्यंत अंगणातल्या उन्हात ठेवल्या. निघताना जाड रुमालात गुंडाळल्या. चेल्यानं टोपली पुढं केली तेव्हा मनगटावरचं घड्याळ काढून टाकलं आणि आत गेली. एका बाजूला सासू, मधे खारू, भिंतीकडच्या टोकाला ती.

दार बंद झालं. 'मन करा कोरं' झालं, 'तेव्हा दिसेल खरं' झालं. ठिपका उगवला. बाबा सासूला म्हणाले, माउली, आज मुलगा जवळ आलाय, काय विचारायचं ते विचारा. सासूनं विचारलं, पोरीच्या डोळ्याचं मी त्याच्या मनासारखं केलं, आता तरी तो सुखात आहे का?

"बघा, कसा उजवीकडं झेपावला."

"आजी, मला तर तो खाली जाताना दिसतोय," खारू मोठ्यानं म्हणाली.

हॉलमधे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी लगेच सावरलं, की बालकांची दृष्टी अजून पृथ्वीला बांधलेली असते, त्यांना आकाश खालीच दिसतं. लोकांनी माना डोलावल्या असाव्यात. काळोखात ते कळत नाही.

खारूची आई उठली. एक हात भिंतीला लावून ती पुढं चालू लागली. तिच्या डोळ्यांसमोर ठिपका डुलत होता, हात भिंतीवर होता म्हणून पाय सरळ पडत होते. कुणाच्या तरी गुडघ्याला पाय लागला, कुणीतरी कोण ते विचारलं. भिंत संपली, फळ्या लागल्या. फळ्यांवरून हात सरकवत ती ठिपक्यापाशी पोचली आणि रुमाल उघडला. एक टेप ठिपक्याच्या वर लावली, एक खाली, दोन दोन्ही बाजूंना. आणि बाजूला सरकली.

काळोखात हिरवट उजेडाची चौकट उभी राहिली. चौकटीच्या मधोमध पिवळा ठिपका होता. ठार उभा.

पुढच्या रांगेतल्या खुर्च्या करकरल्या.

"कोण आहे तिथं?" बाबांच्या आवाजातला पाक आटला होता. "परका उजेड आणलाय कुणीतरी. ज्योत बुजली. पाप केलंत."

"बुजली असती तर गेली असती, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, थरथरत नव्हता. कापडातली गाठ दाखवावी तसा होता. "ही इथंच आहे. इतके दिवस इथंच होती."

तिनं अंगावरची शाल काढली, तिचं कडं करून मधला ठिपका तेवढा मोकळा ठेवला आणि चारही टेपा झाकून धरल्या. काही क्षण गेले. मग मागून कुणीतरी म्हणालं, चालली. दुसऱ्यानं म्हटलं, डावीकडं. तिसऱ्यानं म्हटलं, छे, वर. तिनं शाल काढली. थांबली, म्हणाले सगळे, एका तोंडानं.

"पुन्हा झाका, बाई," पहिल्या रांगेतून पोस्टमास्तरांचा आवाज आला.

तिनं झाकलं. "या वेळी कुणी कुणाला दिशा सांगू नका," ते म्हणाले. "आपापल्या मनात ठेवा." मग त्यांनी एकेकाला विचारलं. सलूनवाल्याचा ठिपका खाली गेला होता, त्याच्या बायकोचा उजवीकडं, तिच्या मागच्या बाईचा गोल फिरत होता. मधे बाबा काहीतरी यमकात सांगत होते, पण यमक ऐकायला कुणाचे कान मोकळे नव्हते. शेवटी खारूच्या आईनं ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपका विझला. बोट उचललं, पुन्हा उगवला. बोटाला फळीतलं बारीक भोक लागत होतं.

पोस्टमास्तरांनी दार उघडायला लावलं. दुपारचं ऊन आत आलं आणि सगळे डोळे चोळू लागले. काळी फळी, तिच्यात सुईएवढं भोक, भोकामागं एक बारकासा बल्ब. दोरी नाही, चाक नाही. ज्या वस्तूत लबाडी नव्हती तीच पोस्टमास्तरांनी तपासली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी दिवा तपासला," ते म्हणाले. "डोळा तपासायचा राहून गेला."

बाबा म्हणाले, श्रद्धेला पुरावा लागत नाही, आणि आईबापांची चौकशी कुणी भिंगातून करत नाही. हे वाक्य त्यांचं चांगलं होतं, एरवी टाळ्या पडल्या असत्या. पण यमक नव्हतं आणि ऊन फार होतं. चेल्यांनी टोपल्या खाली ठेवल्या. लोक आपापली घड्याळं हुडकू लागले. काही जण तरीही बाबांच्या पाया पडून गेले. असं होतंच.

सलूनवाला मात्र खारूच्या आईसमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. "माझा भाऊ आठवड्यातून एकदा तरी भेटत होता," तो म्हणाला. "तोही घालवलास. काय मिळवलंस तू?"

 तिनं शाल पुन्हा अंगावर घेतली.

"तुमचा भाऊ होता, तो होताच, दादा. त्याला मी कशी घालवणार? तुम्हाला त्याची लहर आठवते, ती तुमची आहे, तिला दिवा लागत नाही. पण गेलेल्याच्या नावानं कुणी आपल्याला हे करा, ते करू नका म्हणून सांगायला लागलं, तर डोळ्याला खुंटी लावून बघायला हवं. दिसलं म्हणून धरून चालायचं नाही. दहा जणांना दिसलं म्हणूनही नाही. आधी विचारायचं, की दुसरा उजेड का नको आहे यांना?"

तो कडेला जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तिनं फळीवरच्या चारी टेपा सोडवून घेतल्या.

घरापर्यंत खारू दोघींच्या मधून चालत होती. दारात आल्यावर चप्पल काढता काढता सासू म्हणाली, "म्हणजे तो आला नव्हता."

"नाही, आई."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग मी कुणाशी बोलत होते?"

 सुनेनं सासूच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला पाणी दिलं. सासू पाणी न पिता पेला धरून बसली. मग उठून कपाटापाशी गेली, आतून खारूची पट्टी काढली, पदरानं पुसली आणि खारूला पुढ्यात ओढून घेतलं. खारू कुरकुरली. आजी म्हणाली, गप्प बस, बापासारखी हट्टी आहेस. तिनं चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, गाठ नीट बसली का ते दोनदा पाहिलं, आणि मग पोरीचा हात धरून तिला घरभर फिरवू लागली. हे दार, हे कपाट, ही तुझी आई. आळशी डोळ्यानं खारू बघत होती आणि आदळत होती, आणि आजी तिला सांगत होती, जोर लाव, बघ, ऐकायला लाव त्याला.

संध्याकाळी खारूच्या आईनं टेपा पुन्हा जागच्या जागी लावल्या. तीन बटणांवर बसल्या. जिच्याबरोबर रंगाचा पोपडा आला होता, ती भिंत धरेना. सासूनं हात पुढं केला आणि ती टेप मागून घेतली. आपल्या पलंगाशेजारच्या कपाटाच्या लाकडावर अंगठ्यानं दाबून बसवली आणि मग खोलीतला दिवा घालवला.

दोघी पलंगाच्या कडेला बसून त्या हिरवट तुकड्याकडं बघत राहिल्या. दारातून बाहेरच्या खोलीचा उजेड आत येत होता. कपाट दिसत होतं, खिडकी दिसत होती, भिंतीची कड दिसत होती.

"हा हलत नाही गं," बऱ्याच वेळानं सासू म्हणाली.

"नाही."

"त्यानं लावलेलं काही कधी हललंय का? त्याचं काम पक्कंच असायचं."

 सुनेच्या ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी आलं होतं. तिनं जिभेनं चाखलं. खारट होतं. हे सासूनं सांगायच्या आधीच तिला कळलं.